बी.एस्सी. झाल्यावर फार्मसीला जाताना

२०२२ च्या जूनमध्ये मी साताऱ्यात एका कंपनीच्या लॅबमध्ये कामाला होते. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते, शेवटच्या वर्षाला ७४ टक्के. पगार बारा हजार. सांगलीच्या मामांचा औषधांचा होलसेल धंदा आहे. त्यांना मिरजेत दवाखान्यांच्या बाजूला मेडिकल काढायचं होतं. म्हणाले, "अगं, तू फार्मासिस्ट हो. पदवी आहेच तुझ्याकडे, थेट दुसऱ्या वर्षाला घेतील."

मामा उगाच बोलत नव्हते. त्यांच्या शेजारचा मुलगा बी.एस्सी. करून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेला होता. तसा नियम आहे. शिवाय त्यांच्या धंद्यात त्यांची स्वतःची पदवी चालली होती. मामा बी.कॉम. आहेत. होलसेलच्या परवान्याला फार्मासिस्टच लागतो असं नाही. कुठल्याही शाखेचा पदवीधर आणि औषधांच्या व्यवहारातला एक वर्षाचा अनुभव असला तरी चालतं. त्यामुळे फार्मसीतही पदवीला वजन असणार, असं आम्ही दोघंही धरून चाललो. मी तर कुणाला विचारलंही नाही.

सांगलीत एका ॲडमिशन करून देणाऱ्या ऑफिसात गेलो. तिथल्या माणसाने मार्कलिस्ट पाहिली आणि 'होऊन जाईल' म्हणाला. दहा हजार भरले. पावती मागितली नाही, ही माझी चूक. महिनाभर 'लिस्ट लागायचीय' एवढंच ऐकत राहिले. मधल्या काळात नोकरी सोडली. ते करायला नको होतं.

शेवटी मी एकटीच एसटीने कराडला गेले. तिथल्या एका फार्मसी कॉलेजात प्रवेशाचं काम बघणाऱ्या सरांनी दहा मिनिटांत सगळं सांगितलं. बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला फक्त डी.फार्म. झालेल्यांना घेतात. बी.एस्सी.ला नाही, एम.एस्सी.ला नाही. मी बी.एस्सी.ची मार्कलिस्ट पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ताई, बारावीची दाखवा."

पहिल्या वर्षाला बारावीत फिजिक्स आणि केमिस्ट्री लागते, जोडीला बायोलॉजी किंवा मॅथ्स. तिन्ही मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के. मला बारावीला बायोलॉजी होतं आणि तिन्ही मिळून ५२ टक्के. पात्र होते. पण त्यापुढे सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि त्या वर्षीची अर्जाची मुदत उलटून गेली होती. प्रवेशाच्या फॉर्ममध्ये बी.एस्सी.च्या टक्क्यांना कुठेही गुण नाहीत. बाहेर येऊन मी स्टँडवर बराच वेळ बसून राहिले. तीन वर्षांचं रात्रंदिवस केलेलं कुणी विचारतच नाही, हे पचायला जड गेलं.

दहापैकी सहा हजार परत मिळाले, तेही मामा चार वेळा जाऊन आले म्हणून.

मग घरी हिशेब मांडला. डी.फार्म.ला सीईटी लागत नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते. दोन वर्षं, वर ५०० तासांचं प्रशिक्षण. तेवढ्यावर फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होऊन दुकान चालवता येतं, पण आता त्याआधी एक्झिट परीक्षेचा नियमही आला आहे. पुढे बी.फार्म. करायचं तर दुसऱ्या वर्षापासून तीन वर्षं. म्हणजे पाच वर्षांच्या वर. दुसरा रस्ता म्हणजे एक वर्ष थांबून सीईटी, मग चार वर्षं. तीही पाचच. नुसतं दुकानच करायचं असतं, तर डी.फार्म. बरं होतं. मला पुढे एम.फार्म.चं दार उघडं ठेवायचं होतं. एम.फार्म.ला बी.फार्म. लागतंच. फार्मास्युटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. मला लगेच मिळाली असती, पण ती करून फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. म्हणून सीईटी ठरवली.

अकरावी-बारावीची पुस्तकं शेजारच्या पोरीकडून आणली. सीईटीत सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीचे असतात, २० टक्के अकरावीचे, आणि चुकलं तर गुण कापत नाहीत. केमिस्ट्रीला बी.एस्सी.चा उपयोग झाला, पण धोकाही झाला. मी लांबचा विचार करत बसायची आणि वेळ जायचा. फिजिक्सचा तर पार विसर पडला होता. बायोलॉजीचे १०० प्रश्न १०० गुणांना, म्हणून तिकडे जोर दिला. मे २०२३ मध्ये परीक्षा झाली. पर्सेंटाईल ८१ च्या आसपास.

साताऱ्यात, कराडला, कासेगावला, आष्ट्याला, विट्याला अशी सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत फार्मसीची कॉलेजं आहेत. मी लांबची लांब यादी भरली. दुसऱ्या फेरीत सांगली जिल्ह्यात नंबर लागला.

कागदपत्रांत दोन अडचणी आल्या. शेवटचा शाळा-कॉलेज सोडल्याचा दाखला बी.एस्सी.च्या कॉलेजाचा लागला, आणि तो मी काढलाच नव्हता. पदवीनंतरच्या मोकळ्या काळासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. मोठी अडचण शिष्यवृत्तीची. बी.एस्सी.ला मी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतली होती आणि पुढचा हिशेबही तिच्यावरच केला होता. केंद्राच्या नियमात एका पदवीनंतर त्याच पातळीची दुसरी पदवी घेणाऱ्याला ती नाही. हे आधी कळलं असतं, तर बाबांनी निदान ऊस जाईपर्यंतची सोय लावली असती. पहिल्या वर्षाची फी आईच्या पाटल्या गहाण ठेवून भरली. मी हे मैत्रिणींना कधी सांगितलं नाही.

वर्गात सगळी अठरा वर्षांची, मी तेवीसची. पहिल्या दिवसापासून 'ताई' झाले. बारावीला मॅथ्स नसल्याने पहिल्या सत्रात रेमेडियल मॅथ्सला बसावं लागलं. बी.एस्सी. झालीय म्हणून एकाही विषयाची सूट नाही, केमिस्ट्रीचीसुद्धा. पण ॲनालिसिसच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट हातात घेतल्यावर हात थरथरला नाही. टायट्रेशनला बाकीच्यांना मी शिकवायची. ऑर्गॅनिकही सोपं गेलं. शरीररचना आणि फार्माकोलॉजीला मात्र मी सगळ्यांसारखीच कोरी होते.

मामांच्या ओळखीच्या एकांचा मुलगा अमेरिकेत असतो. तो म्हणाला होता की पदवी असली की चांगलं. त्याचं खोटं नव्हतं. तिकडे फार्म.डी.ला जायच्या आधी निदान दोन वर्षं कॉलेजचे ठरावीक विषय करावे लागतात, आणि पुष्कळ जण पदवी घेऊनच जातात. आपल्याकडे बारावीनंतर सरळ वाट आहे, म्हणून मधली पदवी मोजली जात नाही.

बी.एस्सी.ची किंमत दुसरीकडे आहे, हेही मला उशिराच कळलं. औषध बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट्रीचा पदवीधर तीन वर्षांच्या अनुभवानंतर उत्पादनावरचा जाणकार म्हणून चालतो. मी सोडलेली नोकरी औषधांच्या कंपनीतली नव्हती, एवढंच.

गेल्या दिवाळीत कोरेगावकडची एक मुलगी आईला घेऊन घरी आली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने पिशवीतून सगळ्या सत्रांच्या मार्कलिस्ट काढल्या, छान मार्क होते. मी तिला बारावीची आणायला सांगितली. दुसऱ्या दिवशी घेऊन आली. खुला वर्ग, तिन्ही विषयांत ३०० पैकी १३१. लागतात १३५. बी.फार्म. होत नाही. डी.फार्म.ला मात्र ती बसते, तिथे पास असणं पुरतं. तिच्या आईने दोनदा विचारलं, "चार मार्कांसाठी?" मी हो म्हणाले, आणि डी.फार्म.ला लागणाऱ्या कागदांची यादी लिहून दिली.