समुद्रकाठचा हिवाळा

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एक इटालियन कारखाना आहे. तेथे तयार होणाऱ्या ‘आपे’ नावाच्या तीनचाकी गाड्या आपल्या खेडोपाडी धावताना दिसतात. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. आणि त्याच कारखानदारांच्या ‘वेस्पा’ या स्कूटरचे नाव म्हणजे गांधीलमाशी! या दोन्ही माश्यांचे माहेर म्हणजे आर्नो नदीकाठचे पॉन्तेदेरा हे गाव. बारामतीचे एक गृहस्थ नोकरीनिमित्त तेथे राहत होते. सहा महिन्यांच्या विरहानंतर नाताळच्या सुटीत त्यांची वृद्ध आई, पत्नी आणि बारा वर्षांची मुलगी त्यांना भेटावयास गेल्या. आणि पिसामार्गे आगगाडीने चौघेही विआरेज्जो या समुद्रकाठच्या गावी चार दिवस राहिली.

भूमध्य समुद्राचे जे चित्र मुलीने मनाशी रेखाटले होते, त्यात निळे पाणी होते, ऊन होते, वाळूचे किल्ले होते. प्रत्यक्षात दिसले ते असे : आकाश राखी, पाणी गढूळ, हॉटेलांच्या खिडक्या मिटलेल्या आणि किनाऱ्यावरच्या स्नानगृहांना कुलुपे. त्यातच पावसाची रिपरिप सुरू झाली. मुलगी हिरमुसली.

“डिसेंबरात पाऊस कसा हो, बाबा?” तिने विचारले.

वडील म्हणाले, “येथे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. शिवाय ते मागचे डोंगर पाहा.”

गावामागे आपुआन आल्प्सची रांग उभी होती. तिच्या शिखरांवर बर्फ होते आणि उतारांवर संगमरवराच्या पांढऱ्या खाणी. येथूनच जवळ असलेल्या कराराचा संगमरवर मायकेलअँजेलोने आपल्या मूर्तींसाठी नेला होता. समुद्रावरून येणारे ढग या डोंगरांना अडतात आणि अलीकडेच रिते होतात. सह्याद्रीही असेच करतो; फरक इतकाच, की कोकण त्याच्या अलीकडे आहे आणि बारामती-इंदापूर पलीकडे. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या आजी खिडकीशी बसून तो पाऊस पाहत राहिल्या. “एवढे पाणी पडते आहे, आणि कोणाला त्याचे अप्रूप नाही!” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उघडीप झाली. मुलीने पूर्वी हरिहरेश्वरचा समुद्र पाहिला होता. ओहोटीला तेथे पाणी कसे दूर जाते, हे तिला ठाऊक होते. तिने पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि ओहोटीची वाट पाहत बसली. दुपार झाली, तरी पाणी जवळजवळ होते तेथेच! कोकणात भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरांचे अंतर पडते. येथे अर्धा मीटरही क्वचितच. भूमध्य समुद्र चहूंकडून जमिनीने वेढलेला, आणि महासागराकडे जाण्याचे त्याचे मुख्य द्वार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी. ती तिच्या अरुंद जागी अवघी चौदा किलोमीटर रुंद. एवढ्याशा दारातून महासागराची भरती आत येणार तरी किती?

जेवणात आजींना सापडले ते ‘चेचिना’. हरभऱ्याचे पीठ, पाणी, तेल आणि मीठ, भट्टीत भाजलेले. “हे तर आपले धिरडेच!” असे म्हणून त्यांनी आणखी एक तुकडा मागितला.

परंतु त्या मिटलेल्या गावात एक जागा मात्र जागी होती. विआरेज्जोत १८७३ पासून कार्निव्हलची मिरवणूक निघते. तिच्यातील प्रचंड मूर्तींची मोठमोठी गोदामे गावाच्या कडेला आहेत. एका गोदामाचे दार अर्धे उघडे होते. आत एका राक्षसाचे मस्तक, खोलीएवढे! प्रथम मातीची मूर्ती, तिच्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात खळीने चिकटवलेले वर्तमानपत्रांचे थरावर थर. मग साचा काढला की उरते ते पोकळ, हलके कागदी कवच. १९२५ पासून ही कागदी रीत चालू आहे. म्हणून तर पाच-सहा मजली घराएवढे चित्ररथही रस्त्यावरून फिरू शकतात. आपल्याकडे कागदाच्या लगद्याचे गणपती घडवतात, त्याच कुळातले हे काम.

मुलगी दाराशी खिळून राहिली. एका म्हाताऱ्या कारागिराने तिला हातानेच आत बोलावले. त्याची भाषा हिला येईना, हिची त्याला. तेव्हा आजींनी पिशवीतून चकल्यांचा डबा काढून त्याच्यापुढे धरला. डब्याभोवती गुंडाळलेला मराठी वर्तमानपत्राचा कागद मात्र चकलीपेक्षा त्याला अधिक आवडला. त्याने ती अनोळखी अक्षरे निरखली, कागदाच्या पट्ट्या फाडल्या, त्यांना खळ लावली आणि मुलीच्या हाती दिल्या. तिने त्या राक्षसाच्या डाव्या कानाला चिकटवल्या.

मिरवणूक पाहण्याचा योग नव्हता. ती फेब्रुवारीत, आणि तिघींना तर जानेवारीच्या आरंभीच परतायचे होते. निरोपाच्या वेळी मुलगी वडिलांना एकच सांगत होती, “बाबा, कान पाहून या हं!”

फेब्रुवारीत वडिलांनी छायाचित्र पाठविले. गर्दीच्या डोक्यांवरून तो राक्षस हसत चालला होता. कानावर लालभडक रंग चढला होता; त्याखालचे एकही अक्षर दिसत नव्हते. तरीही आजींनी चष्मा लावला आणि तो डावा कान बराच वेळ न्याहाळला.