गोलघुमटातली कुजबुज

विजापूरचा गोलघुमट पाहायचा तर सकाळी लवकर जावं. एकदा शाळांच्या सहली आल्या की आत नुसता आरडाओरडा घुमत राहतो. तीन वर्षांपूर्वी ताई, भाऊजी, नऊ वर्षांची भाची आणि मी असे चौघं दार उघडताच आत शिरलो. बेळगावहून साधारण दोनशे किलोमीटर. आदल्या दिवशी दुपारी निघून रात्री विजापुरातच मुक्काम केला होता.

मोहम्मद आदिलशहाची ही कबर. तो 1656 साली वारला. खाली उभं राहून वर पाहिलं की मान दुखते, कारण अठरा हजार चौरस फुटांहून मोठ्या दालनात मध्ये एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या सातमजली मनोऱ्याचे अरुंद, उंच जिने चढून आपण घुमटाच्या पायथ्याशी असलेल्या गोल सज्जात पोहोचतो. समोरची बाजू जवळजवळ सव्वाशे फूट लांब. एका टोकाला भिंतीजवळ तोंड नेऊन कुजबुजलं तर आवाज वळणाऱ्या भिंतीला धरून पलीकडे पोहोचतो.

भाचीला तेच करायचं होतं. ती धावत पलीकडे गेली, भिंतीकडे तोंड करून काहीतरी बोलली. ताई हसली. भाऊजी हसले. मला मात्र ‘अ... आ...’ अशी वाऱ्यासारखी झुळूक ऐकू आली, आणि तिच्यावर एक बारीक शिट्टी. शिट्टी घुमटात नव्हती, माझ्या उजव्या कानात होती.

“मामा, ऐकलंस ना?” तिनं येऊन विचारलं.

“ऐकलं की!” मी म्हणालो. चक्क खोटं बोललो.

कारण मला ठाऊक होतं. दोन दिवसांपूर्वी अनंत चतुर्दशी होती. बेळगावची विसर्जन मिरवणूक ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. हुतात्मा चौकापासून कपिलेश्वर तलावापर्यंत माणसांचा पूर, आणि दुसरा दिवस उजाडला तरी गणपती रांगेतच. संध्याकाळपासून रात्री अकरापर्यंत मी आमच्या मंडळाच्या ट्रॅक्टरवरच्या स्पीकरच्या भिंतीशेजारी नाचत होतो. उजवा कान स्पीकरकडे. घरी आलो तेव्हा आईचं बोलणं कापसातून आल्यासारखं वाटत होतं. ‘सकाळपर्यंत जाईल’ म्हणून झोपलो. तीस तास उलटले, तरी कान मोकळा झाला नव्हता.

परतल्यावर कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आवाजाच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख दाखवला. सगळीकडे रेघ ठीक, फक्त चार हजार हर्ट्झपाशी उजव्या कानाला खड्डा. मोठ्या आवाजाची इजा बहुतेक तिथूनच सुरू होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ असे वर्ण ओळखायला वरच्या पट्टीचे हे सूर लागतात, आणि कुजबुज म्हणजे तर जवळजवळ नुसती फुंकरच. म्हणून भाचीचे स्वर तेवढे पोहोचले, शब्द वाटेत गळाले. आतल्या कानात प्रत्येक बाजूला पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. थकलेल्या पेशी सावरतात, पण मेलेल्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. माझा बधिरपणा आठवड्यात ओसरला, शिट्टी राहिली. रात्री पंखा बंद केला की ती अजून भेटते.

डॉक्टरांनी एक हिशेब शिकवला, तो मी गल्लीतल्या सगळ्या पोरांना सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला 80 डेसिबल आवाज आठवड्यात 40 तास चालतो. त्यापुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 90 ला चार तास. 100 ला आठवड्याचा अख्खा कोटा वीस-पंचवीस मिनिटांत खलास. मी पाच तास नाचलो होतो.

मग काय, गाणं सोडायचं? माझ्या बैठकीच्या खोलीत वडिलांचा अँप्लिफायर आणि मी हप्त्यानं घेतलेले उभे स्पीकर आहेत. ते विकायचा विचार मनात आला होता, पण विकले नाहीत, सवय बदलली. चांगल्या यंत्राची एक फसवणूक असते. स्वस्त स्पीकर जोरात लावला की आवाज फाटतो आणि आपला हात आपोआप बटणाकडे जातो. महागडा फाटतच नाही, त्यामुळे आपण किती वर गेलो ते कळत नाही. शिवाय कान थकला की आवाज कमी वाटतो आणि आपण आणखी वाढवतो. म्हणून सुरुवातीला, कान ताजे असताना, पातळी ठरवायची आणि नंतर तिला हात लावायचा नाही. मी बटणावर खडूची खूण केलीय. फोनवर आवाज मोजायचं अँप आहे. त्याचा आकडा अगदी अचूक नसतो, पण अंदाजाला पुरतो. हेडफोन लावून बसमध्ये आवाज चढवण्यापेक्षा बाहेरचा गोंगाट अडवणारा हेडफोन घेतलेला बरा.

आणि मिरवणूक? गेल्या वर्षीही गेलो. संगीतासाठीचे प्लग कानात घालून. हे प्लग सगळे सूर सारखेच खाली आणतात, त्यामुळे ताशा ताशासारखाच वाजतो. मेडिकलमधले फोमचेही चालतात: बारीक वळायचे, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, आत घालून फुगेपर्यंत धरून ठेवायचे. कापसाचा बोळा मात्र कामाचा नाही. स्पीकरच्या भिंतीपासून लांब राहायचं, मधूनमधून बाजूच्या गल्लीत जाऊन कानांना विसावा द्यायचा, आणि लहानग्यांना कानांवरचे मफ घातल्याशिवाय जवळ न्यायचं नाही. पोरं आधी हसली. रात्री त्यांतल्याच दोघांनी विचारलं, “दादा, जादा जोडी हाय काय?”

यंदा दिवाळीनंतर आम्ही पुन्हा विजापूरला गेलो. भाची आता बारा वर्षांची, कुजबुजायला थोडी लाजणारी. तरी पलीकडे गेली. मी भिंतीला कान लावला. उजवा नव्हे, डावा.

“मामा, भूक लागली. इडली खाऊया.”

शब्द न् शब्द आला. खाली उतरताना मी तिला तीन वर्षांपूर्वीचं खोटं कबूल केलं आणि विचारलं, “तेव्हा काय म्हणाली होतीस गं?”

तिनं बराच विचार केला. “आठवत नाही रे मामा.”

ताईलाही आठवेना. ते वाक्य माझ्यापुरतं घुमटातच राहिलं. आम्ही इडली खायला गेलो.