पटलावरचे किरकोळ विषय

हैदराबादच्या महापालिकेला आम्ही कोठी भागातली मंडळी अजूनही बल्दियाच म्हणतो. रस्त्यावरचा दिवा असो, नाला असो, कचऱ्याची गाडी असो, बोट जातं ते बल्दियाकडे. या बल्दियाच्या कारभाराबद्दल माझी तीन ठाम मतं होती आणि संध्याकाळच्या कट्ट्यावर मी ती हिरिरीनं मांडायचो. पहिलं, स्थायी समितीनं विषयांचा गठ्ठा एका बैठकीत मंजूर केला म्हणजे पाणी कुठंतरी मुरतंय. दुसरं, सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारली म्हणजे व्यवहार स्वच्छ. तिसरं, नगरसेवकांची लुडबुड नसेल तर अधिकारी काम चोख करतील. साठी उलटली की माणसाची मतं घट्ट होतात म्हणतात. माझी या तिन्ही बाबतीत सैल होत गेली आणि शेवटी बदलली. ती का बदलली, ते प्रांजळपणे लिहितो.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यांत आधी गळालं. नगरसेवकांवाचून चालणारा कारभार हैदराबादनं भरपूर पाहिलाय. १९८६ साली निवडणूक झाली. ते सभागृह गेल्यावर पुढची निवडणूक थेट २००२ साली. १६ एप्रिल २००७ रोजी आसपासच्या १२ नगरपालिका आणि ८ ग्रामपंचायती जोडून ग्रेटर महापालिका झाली, पण तिला पहिलं सभागृह मिळायला २००९ उजाडलं. त्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०१४ मध्ये संपली, आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत पुन्हा अधिकाऱ्यांचं राज्य. मुंबईकरांनाही हे नवं नाही. तिथं मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये.

या काळात ठेके थांबले का? मुळीच नाही. झाडलोट, नालेसफाई, पथदिवे, भाड्याच्या गाड्या, सगळ्याचे ठेके निघत राहिले, मुदतवाढी मिळत राहिल्या. फरक एवढाच की प्रस्ताव ठेवणारा आणि तो मंजूर करणारा एकाच खुर्चीत बसला. नगरसेवक प्रश्न विचारतो तो कधी लोकांसाठी आणि कधी आपल्या माणसाला काम मिळावं म्हणून, हे मी नाकारत नाही. पण हेतू काहीही असो, त्याच्या प्रश्नानं फाइल उघडते. विचारणाराच नसला तर ती कपाटातच राहते.

खरं तर कोठीत राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या कोठीतला सुलतान बाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सी बाजार होता. निजामाच्या राजधानीत असूनही इथं अंमल ब्रिटिश रेसिडेंटचा. त्या साली हा भाग निजामाकडं परत आला, नाव बदललं, आणि शेजारची चादरघाट नगरपालिकाही हैदराबादेत विलीन झाली. झाडूवाल्याच्या पगाराचा जाब रेसिडेंटला विचारण्याची सोय इथल्या दुकानदाराला नव्हती. ती सोय मतपेटीतून आली. मी मात्र ती लुडबुड म्हणून मोडीत काढायला निघालो होतो.

आता पहिलं मत. स्थायी समिती म्हणजे १५ नगरसेवक आणि अध्यक्षस्थानी महापौर. छोटी कामं आयुक्त आपल्या अधिकारात मंजूर करतात, त्याहून मोठी समितीकडे येतात, आणखी मोठी सर्वसाधारण सभेकडे. समितीच्या विषयपत्रिकेत उड्डाणपूल क्वचित. बाकी सगळं रोजचं: रस्तारुंदीसाठी कुणाची किती जागा घ्यायची, कुठल्या चौकाची देखभाल कुणाला द्यायची, संगणकचालक पुरवणाऱ्या संस्थेला वर्षभर मुदतवाढ, नाल्यावरच्या स्लॅबचं अंदाजपत्रक. मी हे पान उलटून पुढं जायचो. मला हवी असायची वादावादीची बातमी.

पुढं कळलं की समितीपुढं येईपर्यंत अशा विषयाचा निम्म्याहून जास्त प्रवास संपलेला असतो. अंदाजपत्रक दरसूचीवरून बनतं, त्याला तांत्रिक मंजुरी लागते, मग निविदा निघते. संयुक्त आंध्रात २००३ पासून निविदा संगणकावरून भरायची पद्धत आली, त्यामुळं निविदापेटीपाशी दुसऱ्या ठेकेदाराला अडवून धरण्याचे जुने प्रकार बरेच कमी झाले. समितीनं त्यानंतर प्रत्येक स्लॅबवर तास घालवला तर शहर ठप्प होईल. अमेरिकेतल्या काउंटी मंडळांनी यावर सरळ तोडगा काढलाय. नेहमीचे ठेके एका यादीत घालायचे आणि एका मतानं मंजूर करायचे. मात्र कुठल्याही सदस्यानं बोट ठेवलं तर तेवढा विषय यादीतून बाहेर काढून त्यावर चर्चा करायची. म्हणजे गठ्ठ्यानं मंजूर करणं हा गुन्हा नाही. कुठल्या विषयावर बोट ठेवायचं हे न कळणं, हा आहे.

माझ्या मते ते बोट 'मुदतवाढ' या शब्दावर पडायला हवं. नवा ठेका देताना सगळे डोळे उघडे असतात, कारण हरलेले ठेकेदारच पहारा देतात. मुदतवाढीच्या वेळी पहारेकरी नसतो. 'काम समाधानकारक असल्याने' एवढे शब्द टिपणीत असतात. समाधान कुणाचं, कशावरून, किती तक्रारी आल्या, किती दंड कापला, याचा आकडा बहुधा नसतो. नवी निविदा वेळेत काढली नाही म्हणून जुन्याला तीन महिने, मग आणखी तीन महिने, असं करत वर्ष निघतं, आणि प्रत्येक वेळी कारण एकच: सेवा खंडित होऊ नये. कारण खरंही असतं. म्हणूनच ते दर वेळी चालतं.

किरकोळ विषय किती किरकोळ असतात, हे कोठीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गोशामहालनं दाखवलं. २३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. चाकनावाडीत नाल्यावरचा रस्ता खचला आणि बाजारातली माणसं, गाड्या, भाजीच्या टोपल्या खाली गेल्या. जुना नाला, वर स्लॅब, स्लॅबवर बाजार. अशा स्लॅबची तपासणी आणि डागडुजी हा कुठल्याही विषयपत्रिकेतला सगळ्यांत नीरस विषय. त्यावर कुणी भाषण करत नाही आणि त्याची बातमीही होत नाही. होते ती स्लॅब पडल्यावर.

दुसरं मत मोडायला सगळ्यांत जास्त वेळ लागला, कारण ते माझ्या पेशातून आलेलं होतं. मी बँकेत होतो. ठेकेदारांची कॅश क्रेडिट खाती, बँक हमी, बिलांवरची उचल, हे माझं रोजचं काम. आकड्यांत वाढलेल्या माणसाला वाटणारच की ज्याचा आकडा सर्वांत कमी तो शहाणा आणि त्याला काम देणारा प्रामाणिक. अंदाजपत्रकापेक्षा कुणी वीस टक्के 'लेस' भरला की मी मनात म्हणायचो, वाचले बल्दियाचे पैसे.

पण खाती बोलतात. रस्त्याच्या कामात कमी दराला निदान थोडी जागा असते: खडीची खाण जवळ असेल, यंत्र स्वतःचं असेल. तिथंही सरकारला शंका असतेच. अंदाजपत्रकाच्या पंचवीस टक्क्यांहून खाली दर भरला तर फरकाएवढी जादा हमी ठेकेदाराकडून घ्यावी, असा नियम आपल्याकडं २००३ पासून आहे. खरा घोळ माणसं पुरवण्याच्या ठेक्यात आहे. सफाई कामगाराची किमान मजुरी सरकार ठरवतं. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) ३.२५ टक्के. यातली एकही गोष्ट ठेकेदाराच्या हातात नाही. मग दहा जण निविदा भरतात आणि त्यातला एक शून्याला टेकणारं सेवाशुल्क मागतो, तो जगतो कशावर? एक तर हजेरीपटावर वीस नावं आणि रस्त्यावर चौदा माणसं. किंवा मजुरीतून कापलेला निधी महिनोन्महिने भरायचाच नाही. किंवा नोकरी लावून देतो म्हणून कामगाराकडूनच रक्कम घ्यायची. तिसरा प्रकार मी एका खात्यात स्वतः पाहिला: पगाराच्या दुसऱ्याच दिवशी एकाच सुपरवायझरच्या खात्यात कामगार बायकांच्या खात्यांतून सारख्याच रकमा जमा व्हायच्या. कागदावर सगळं बिनचूक. दर सर्वांत कमी.

सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत स्वच्छ व्यवहार, हे मत ते खातं पाहिलं त्या दिवशी संपलं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकली होती. कायदा करणाऱ्यांना हे सगळं पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होतं. मला उशिरा कळलं.

कोठीत याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. राज्याच्या आरोग्य खात्याची कार्यालयं इथंच, कान-नाक-घशाचं रुग्णालय इथंच, सुलतान बाजारचं प्रसूतिगृह इथंच. सरकारी रुग्णालयांत रुग्णाच्या जेवणाचा दर अनेक वर्षं दिवसाला ४० रुपये होता, पथ्याच्या जेवणाचा ५६. चाळीस रुपयांत चहा, नाश्ता आणि दोन वेळचं जेवण. त्या दरात डाळीचं पाणी मिळणार, डाळ नाही, हे सांगायला चौकशी समिती लागत नाही. २०२२ मध्ये तेलंगण सरकारनं हे दर दुप्पट केले, ८० आणि ११२. सफाईचा दरही खाटेमागं महिना ५,००० वरून ७,५०० रुपयांवर नेला. कट्ट्यावर त्या वेळी एक जण म्हणाला, "घ्या, ठेकेदारांची चंगळ." पूर्वी मी मान डोलावली असती. या वेळी म्हटलं, आता निदान ठेकेदाराला धारेवर धरता येईल. चाळीस रुपये देऊन पातळ वरणाबद्दल दंड कुठल्या तोंडानं करणार होतो?

आणखी एक गोष्ट बँकेनं शिकवली. बिल वर्षभर अडकलं की ठेकेदार त्या वर्षाचं व्याज बँकेला भरतो. ते व्याज तो पुढच्या निविदेत दरावर चढवतो, नाही तर सिमेंटमधून काढतो. हैदराबादेत ठेकेदारांनी थकीत बिलांसाठी आंदोलनं केलेली सगळ्यांनी वाचलीत. बिल थकलं की लहान ठेकेदार पळतात, तग धरणारे दोन-चारच उरतात, आणि मग स्पर्धा कागदावर राहते. उशिरा पैसे देणारं गिऱ्हाईक स्वस्तात काम मिळवतं, असं मी तरी कधी पाहिलं नाही.

मग आता माझं मत काय? मंजुरीच्या दिवसाला मी अवास्तव महत्त्व देत होतो. ठेका मंजूर होतो तेव्हा त्याची फक्त सुरुवात होते. त्याची खरी परीक्षा मोजमाप पुस्तकात असते. अभियंते त्याला एम.बी. म्हणतात. पानांना क्रमांक, पान फाडायचं नाही, खाडाखोड केली तर सही. कनिष्ठ अभियंता लांबी, रुंदी, खोली लिहितो, वरचा पडताळतो, त्यावरून बिल बनतं. एका निवृत्त अभियंत्यानं मला नालेसफाईची नोंद कशी वाचायची ते समजावलं. गाळ काढण्याआधीची पातळी आणि नंतरची पातळी, या दोन्ही नोंदी हव्यात. नुसतं 'गाळ काढला, इतके घनमीटर' लिहिलं असेल, तर तो गाळ कुठं टाकला, त्या गाडीच्या खेपांची नोंद शोधायची. तीही नसेल तर गाळ कदाचित नाल्याच्या काठावरच वाळत पडलाय आणि पहिल्या सरीत परत आत जाणार आहे.

पैसे देण्याची पद्धत बदलली की कामही बदलतं, हेही मला पटलंय. ग्रेटर महापालिकेनं सुमारे ७०९ किलोमीटर मुख्य रस्ते पाच वर्षांसाठी खासगी कंपन्यांकडं दिले, सुमारे १,८३९ कोटींत. रस्ता एकदा डांबरून निघून जायचं नाही, तर पाच वर्षं तो सांभाळायचा, खड्डा पडला की आपल्याच खर्चानं बुजवायचा, अशी त्यामागची कल्पना. ती प्रत्येक रस्त्यावर उतरली असं मी म्हणणार नाही. पण खड्डा पडण्यात ठेकेदाराचा तोटा असावा, हे तत्त्व मला सर्वांत कमी दरापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

कट्ट्यावरच्या मित्रांना माझी ही भाषा पचत नाही. त्यांना वाटतं मी ठेकेदारांचा वकील झालो. तसं नाही. मी कडक झालोय, फक्त जागा बदलून. योग्य दर द्या, बिल वेळेत द्या आणि मग एक रुपयाही सोडू नका, एवढंच माझं म्हणणं.

वाचकांना एक विनंती. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला, आणि त्यात फक्त कागद मागण्याचा हक्क नाही; चालू काम पाहण्याचा, नोंदी तपासण्याचा आणि वापरलेल्या मालाचा नमुना घेण्याचाही आहे. तुमचं शहर हैदराबाद असो, नांदेड असो की सोलापूर, पुढच्या वेळी विषयपत्रिका हाती आली तर उड्डाणपुलाचं पान सोडा. त्यावर बोलायला पुष्कळ जण आहेत. तुमच्या प्रभागातली एक मुदतवाढ शोधा, त्या कामाचं मोजमाप पुस्तक मागा आणि हजेरीपटावरची नावं पहाटे रस्त्यावरच्या माणसांशी ताडून पाहा. एका माणसाला एका सकाळी जमेल एवढंच हे काम आहे.