दिव्याखाली

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी हाती पेटता दिवा घेऊन आम्ही साऱ्याजणींनी नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घेतली. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे रचलेल्या त्या शपथेत अपायकारक औषध स्वतः घेणार नाही आणि जाणूनबुजून कुणाला देणार नाही, असे वचन आहे. त्यातला पहिला अर्धा भाग तेव्हा आम्हांला अनावश्यक वाटला होता.

दुसऱ्या वर्षीच्या रात्रपाळ्यांनी त्याचा अर्थ उलगडला. पहाटे प्रेत आवरायचे आणि नऊला व्याख्यानाला बसायचे. खोलीतली एकजण झोपेसाठी गोळी घेऊ लागली, मग गोळीवाचून तिला झोपच येईना. 'दमली आहे' एवढे म्हणून आम्ही तिच्यावर पांघरूण घालत असू. रुग्णांची भूक, झोप, नाडी तक्त्यावर टिपणाऱ्या आम्ही. तिचे जेवण सुटले, बोलणे सुटले, याची नोंद कुठेच केली नाही. त्याच सत्रात नैराश्याची लक्षणे उत्तरपत्रिकेत क्रमवार लिहून आम्ही चांगले गुणही मिळवले. एका सकाळी ती उठेना. ती वाचली, मात्र घरी गेली ती परतली नाही.

क्रिमियाहून परतल्यावर नाइटिंगेल स्वतः कित्येक वर्षे अंथरुणाला खिळून होत्या आणि वेदनेपायी त्यांनी त्वचेखाली अफू टोचून घेतली होती, हे आम्हांला फार उशिरा कळले. सोहळ्यातल्या तसबिरीत केवळ दिवा होता. 'घेणार नाही' हे आम्ही एका सुरात म्हटले. 'सोसवत नाही' हे म्हणण्याची सोय त्या शपथेत नव्हती.

आज आमच्यातल्या काहीजणी शिकवतात. हजेरी घेताना त्या मुलींना आधी विचारतात, रात्री झोप लागली का?