पाणी आणि माती

आपण कोयत्याला पाणी देतो. चांगल्या पात्याला 'पाणीदार' म्हणतो. म्हणजे सगळं श्रेय पाण्याचं! त्यामुळे जपानी लोहार तलवारीला पाणी देण्याआधी पात्यावर चिखल लिंपतो, हे प्रथम पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. काजळी धरू नये म्हणून आई टोपाच्या बुडाला माती फासायची, तसंच काहीतरी असेल असं वाटलं.

तसं नव्हतं. चिकणमाती, कोळशाची पूड आणि धारेच्या दगडाची पूड पाण्यात कालवून हा लेप करतात; प्रत्येक घराण्याचं प्रमाण वेगळं. पाठीवर जाड थर, धारेवर अगदी पातळ. लेप वाळला की पातं भट्टीत. लालीचा रंग नीट ओळखता यावा म्हणून काम अंधारात चालतं. साडेसातशे-आठशे अंशांच्या आसपास पातं तापलं की थेट पाण्यात. धार क्षणात थंड होते आणि काचेसारखी कठीण बनते. पाठ मातीच्या पांघरुणाखाली सावकाश निवते आणि मऊ, चिवट राहते. नुसती कठीण तलवार पहिल्याच घावाला तुटेल, नुसती मऊ वाकेल. दोन्ही स्वभाव एकाच पोलादात हवेत, आणि ती वाटणी माती करते.

या दोन भागांच्या सीमेवर धुक्यासारखी पांढरट रेघ उमटते. तिला 'हामोन' म्हणतात. लोहार लेपाला जसा आकार देईल तशी ती रेघ: कधी सरळ, कधी लाटांची. मला मात्र त्या देखण्या लाटांपेक्षा आवडल्या त्या धारेवर आडव्या ओढलेल्या मातीच्या बारीक रेघा. त्यांच्याखाली पोलाद थोडं मऊ राहतं. उद्या धारेचा टवका उडालाच, तर तो तिथवर येऊन थांबावा! तलवार तुटणार नाही असं समजणं वेगळं, आणि तुटली तर किती तुटावी हे आधी ठरवून ठेवणं वेगळं.

कठीण झालेलं पोलाद किंचित जास्त जागा घेतं. त्यामुळे जवळजवळ सरळ आत गेलेलं पातं पाण्यातून बाक घेऊन वर येतं. कधीकधी तडकूनही येतं, आणि कित्येक दिवसांची मेहनत एका आवाजात संपते.

जाता जाता एक. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शोगुनच्या पदरी यासुत्सुगु नावाचा लोहार होता. आपल्या तलवारींच्या मुठीतल्या भागावर तो 'नानबान लोखंड' वापरल्याचं कोरायचा. नानबान म्हणजे दक्षिणेकडचे रानटी लोक. जपान्यांनी हे नाव दिलं होतं ते गोवा, मलाक्का, मकाव असे टप्पे घेत येणाऱ्या पोर्तुगिजांना. असो.

हे सगळं वाचताना मला आठवला आमच्या वाड्यावरचा लोहार. पावसाआधी कोयते घेऊन मला त्याच्याकडे पाठवत. लालभडक कोयता तो पाण्यात फक्त बोटभर बुडवायचा, तोही धारेकडून. पाठ वर तशीच लाल. मला वाटायचं, म्हातारा अर्धवट काम करतो. एकदा विचारलंच. तो म्हणाला, "सगळो बुडयलो जाल्यार मोडटलो रे बाबा." मग तो धार दगडावर घासून चकचकीत करायचा आणि टक लावून बसायचा. पाठीतली धग हळूहळू धारेकडे उतरायची, तिथे गवताच्या काडीसारखा पिवळा रंग चढायचा, की चर्र! आता सगळा कोयता पाण्यात. माती नाही, पण वाटणी तीच.

तो गेला, शाळ बंद झाली. पुढे मी बाजारातून तयार कोयता आणला. चकचकीत, हलका, माझ्या मते झकास. बाबा नारळ सोलून फोडायला बसले आणि तिसऱ्याच नारळाला धारेचा टवका उडून त्यांच्या भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला. बाबा काही बोलले नाहीत. भुवई दाबून धरत त्यांनी फक्त म्हाताऱ्याचा जुना कोयता मागितला.

तोच कोयता अजून घरात आहे. पण तीस-पस्तीस वर्षं दगडावर झिजून त्याची बोटभर धार संपत आली. आता नारळावर घातला की धार मुडपते. कठीण भाग गेला, उरली ती नुसती पाठ. बाबा गेल्यावर तो टाकवतही नव्हता.

गेल्या मे महिन्यात रस्त्याच्या कडेला घिसाड्याचं बिऱ्हाड उतरलं होतं. बाई भाता फिरवत होती, नवरा ऐरणीवर. मी कोयता दिला आणि न राहवून म्हटलं, "फक्त धार बुडवा हं, सगळा नको." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती तोंडावर पदर घेऊन हसली. त्याने कोयता भट्टीत सारला आणि मला म्हणाला, "साहेब, जरा सावलीत उभे राहा. रंग दिसत नाही."