वळवाची वाट बघणारा

पहिला दणक्याचा वळीव झाला की उचगावच्या शिवारात दिवेलागणीला बांधावरच्या कडुलिंबाखाली उभं राहावं. आधी भिरभिर ऐकू येते, मग दिसतं. हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर आलेले असतात. तांबूस-तपकिरी, टणक पाठीचे. तळव्यावर घेतला तर काटेरी पायांनी कातडी धरून ठेवतो, सोडता सुटत नाही.

या किड्याचा धीर बघून मी दरवर्षी थक्क होतो. थंडीतच तो कोषातून बाहेर पडलेला असतो, पंखही तयार असतात, तरी मे-जूनचा पाऊस मुरेपर्यंत मातीत गप्प पडून राहतो. मग रात्री पाला खायचा, जोडी जमवायची आणि उजाडायच्या आत परत मातीत. मादी तिथंच साबुदाण्यासारखी अंडी घालते. त्यातून निघालेली पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धचंद्रासारखी वळलेली अळी, म्हणजेच हुमणी, पावसाळाभर उसाच्या मुळ्या खाते. वर्षाला एकच पिढी, पण ऊस ओढला तर अख्खं बेट हातात येतं.

उसाची दुसरी कीड म्हणजे खोडकिडा; त्याचा पतंग वाट बघणाऱ्यातला नव्हे. पाचटाच्या रंगाचा, पाचटावर बसला तर दिसायचा नाही. पानाच्या खालच्या अंगाला माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली अंडी घालतो. आठवड्याच्या आत अळ्या बाहेर. पाठीवर पाच जांभळ्या रेघा असलेली ही अळी उन्हाळ्यात कोवळ्या कोंबात शिरते. पोंगा वाळतो, ओढला की सुळकन निघतो आणि कुजका वास येतो. दीड महिन्याच्या आत-बाहेर पुढची पिढी तयार.

तरी पतंगाचा मार ऊस काहीसा सोसतो, नवे फुटवे फोडतो. वेळेवर ट्रायकोकार्ड लावली तर त्यातून निघणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या पतंगाची अंडीच संपवतात. हुमणी लागल्यावर मात्र फुटव्यांना मूळच उरत नाही. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा दिसल्यावर आळवण्या घालत फिरणारे शेतकरी पाहिले की जीव तुटतो. भुंगेरा तर जूनमध्येच डोक्यावरून भिरभिरत सांगून गेलेला असतो.

म्हणून पहिल्या वळवाच्या संध्याकाळी आम्ही घरची सगळी माणसं बाहेर पडतो. खाली ताडपत्री, घमेल्यात रॉकेल घातलेलं पाणी. फांदी हलवली की भुंगेरे टपाटप पडतात. यंदा शेजारच्या बांधावरच्या बाभळीही धरल्या, कारण तिथले भुंगेरे आमच्याच उसात उतरतात. घमेलं निम्मं भरलं, तरी वर फांदीत भिरभिर चालूच होती.