वाढायला जागा

बारावीला मी लातूरला पत्र्याच्या खोलीत राहायचो. एप्रिलच्या दुपारी छत कडकड वाजायचं. आधी वाटायचं, वर मांजर आहे. नंतर कळलं की तापलेला पत्रा वाढतो आणि खिळ्यांनी अडवला की आवाज करतो.

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आजोबांच्या बैलगाडीला लोहार धाव चढवायचा. लोखंडाची ही कडी चाकापेक्षा जराशी लहानच असते. गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद केली की ती वाढते आणि चाकावर बसते. वरून पाणी ओतलं की आक्रसून चाक आवळते. आजोबा म्हणायचे, "लय लहान केली तर आरे मोडतेत, बाळा."

पुढे इंजिनिअरिंगला विमानं शिकलो, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा भेटली. कॉन्कॉर्ड ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडायचं. समोरची हवा दाबली जाऊन इतकी तापायची की विमानाचं नाक १२७ अंशांच्या आसपास जायचं आणि अख्खं विमान वीतभर लांब व्हायचं. अमेरिकेचं एसआर-७१ तर तिपटीहून जास्त वेगाचं. त्याचं अंग बहुतेक टायटॅनियमचं. आतली उष्णता शोषायला टाकीतलंच इंधन फिरवायचे. तापल्यावर फुगायला वाव हवा, म्हणून सांधे सैल ठेवलेले. जमिनीवर उभं असताना त्यातून इंधन ठिबकायचं. तरी ते चालवून घेतलं.

परीक्षेत मी लिहिलं होतं: नुसत्या तापण्याने ताण येत नाही. वाढायला जागा नसली, किंवा एक भाग तापून शेजारचा थंड राहिला, की ताण येतो. पूर्ण मार्क मिळाले.

यंदा धाकटी बहीण लातूरला नीटची तयारी करतेय. मी पुण्याहून रोज रात्री फोन करायचो. पहिला प्रश्न ठरलेला, "टेस्टला किती?" महिन्याभरापूर्वी तिने फोन उचलणं बंद केलं. आईला म्हणायची, "दादाला सांग, झोपले."

गेल्या रविवारी मी लातूरला गेलो. तिला घेऊन गंजगोलाईत फिरलो, रसवंतीवर बसलो. मार्कांचं विचारायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. अर्धा ग्लास झाल्यावर तीच म्हणाली, "दादा, दोन महिन्यांपासून कमीच पडायलेत."

"का?" ओठांवर आलं होतं. गिळलं. आणखी दोन ग्लास सांगितले. ती बराच वेळ बोलत राहिली.